वळणावरचा थांबा

३ फेब्रुवारी

भिंगरी,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोन का नाही केला म्हणशील, तर माझ्या कानांनी आता पुरता संप पुकारलाय. परवा तुझी आई फोनवर बराच वेळ काहीतरी विचारत होती आणि मी आपली "हो, हो" म्हणत होते. काय काय कबूल करून बसले ते माझं मलाच माहीत नाही. तेव्हापासून ठरवलं, महत्त्वाचं असेल ते कागदावर.

तर महत्त्वाचं हे की मी घरावर एक खोली चढवतेय. गवंडी येऊन बघून गेला. पाया दणकट आहे, आणखी एक मजला सहज पेलेल म्हणाला. एकच खोली, तिला एक मोठी खिडकी, बाकी सगळं साधं. शिलाईचं मशीन वर नेईन. खाली उजेड आहेच कुठे? समोर त्या गोदामाची पाठ, मागे वरच्या रस्त्याची भिंत आणि तिच्यावर कठडा. भर दुपारी सुईत दोरा ओवायचा तर दिवा लावावा लागतो.

आता तुझं काम. घरांच्या परवानग्या तुमच्या ऑफिसात मिळतात एवढं मला माहीत आहे, आणि तू तिथेच बसतेस हेही माहीत आहे. ह्या दोन गोष्टींना एक टाका घालून दे, म्हणजे कागद लवकर हलेल.

तुझे काका, आमचे ड्रायव्हर, बरे आहेत. पेपर वाचतात, पेपरवाल्यांच्या चुका काढतात, चहा गार झाला म्हणून कुरकुरतात. बाहेर फारसे जात नाहीत. कंटाळा आला म्हणतात.

तुझ्यासाठी निळा कुर्ता कापून ठेवलाय. मापं जुनीच धरलीत. मध्ये वाढली असशील तर तुझं तू बघ.

मावशी


१२ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र डबा खाताना वाचलं आणि डबा तसाच बाजूला ठेवला. आता मी जे सांगणार आहे ते शांतपणे वाच, आणि हातात कात्री असेल तर आधी खाली ठेव.

आमच्या ऑफिसात सध्या सगळ्या खोऱ्याचा नवा आराखडा चाललाय. घरं कुठे व्हावीत, दुकानं कुठे, आणि कुठे काहीच होऊ नये. त्यात ह्या वेळी पहिल्यांदाच अशा जागा धरल्यात जिथून तळं आणि पलीकडचे डोंगर मोकळे दिसतात. त्या जागांसमोर, उताराच्या अंगाला, रस्त्याच्या कठड्यापेक्षा उंच काही बांधायचं नाही. तुझ्या घराच्या डोक्यावरचं बसचं वळण त्यात आहे. ते मीच घातलंय.

आराखडा अजून कच्चा आहे, त्यामुळे दार अगदीच बंद नाही. ज्याला बांधायचंच आहे त्याने आधी जागेवर बांबू उभे करायचे, होणाऱ्या छपराच्या उंचीचे, आणि वरून कापड ताणायचं. नकाशा न कळणाऱ्यालाही दिसावं की उद्या इथे काय आडवं येणार आहे. महिनाभर ते तसंच ठेवायचं. ज्याला पटत नाही त्याने नावानिशी लेखी हरकत घ्यायची. हरकत आली तर सुनावणी, नाही आली तर परवानगी.

आणि कागद हलवायचं म्हणशील तर मी उलटंच केलं. साहेबांना जाऊन सांगितलं की अर्ज येतोय तो माझ्या मावशीचा आहे. त्यांनी तुझी फाइल शेजारच्या टेबलावर दिली. आता मी तिला हातही लावू शकत नाही. तू रागावणार हे मला माहीत होतं, पण दुसरं काही करणं मला जमलं नसतं.

एक विचारू? खोली शिलाईसाठीच ना? तळ्याच्या त्या टोकाला सगळ्यांनी वर खोल्या चढवल्या आणि पर्यटकांना भाड्याने दिल्या. मोठी खिडकी असं वाचलं तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

काकांना नमस्कार सांग.

भिंगरी


२४ फेब्रुवारी

भिंगरीबाई,

(रागावले की मी तुला बाई लावते, विसरली नसशील.)

घरचा भेदी म्हणतात तो हाच. झबल्यापासून कॉलेजच्या ड्रेसपर्यंत जिचे कपडे मी शिवले, तिनेच माझ्या खोलीला खो घातला. वर विचारतेस, पर्यटकांसाठी का? ज्या बाईने सख्ख्या बहिणीला कधी मशीनला हात लावू दिला नाही, ती परक्या माणसांना घरात झोपवेल होय? तुझ्या त्या पालीला सांग, दुसरीकडे जाऊन चुकचुक.

असो. कायदा तो कायदा. बांबू उभे केले. गवंड्याने दोन आणले, गोदामवाल्याने दोन दिले, तो फारच हौसेने मदत करत होता. कापड म्हणून शाळेच्या गणवेशातून उरलेलं लाल अस्तर जोडून लावलं. वारा सुटला की असं फडफडतं की घर कुठेतरी लग्नाला निघालंय असं वाटतं. वर जाऊन मी काही बघितलं नाही. बघायचं काय, बांबूच तर आहेत. मला वेळ कुठे आहे?

हरकत घेणार कोण? अख्ख्या आळीचे कपडे माझ्या हाताखालून जातात. कोणाची कंबर कुठे पोचली आणि कोण अजूनही जुनंच माप सांगतं, ते फक्त मला माहीत आहे. कोणाची बिशाद आहे?

तुम्ही लोक डोंगर जपा, पाणी जपा, चांगलंच आहे ते. पण घरात बसून राहिलेल्या माणसाला त्यातलं काय दिसतं, हे कोणी विचारत नाही. ह्या घरातून गोदामाची पाठ दिसते, तेवढीच.

आमच्या ड्रायव्हरना सांगितलं, मशीनसाठी खोली बांधतेय. ते म्हणाले, बांध, आणि पेपर उघडला.

कुर्त्याच्या बाह्या लावायच्या राहिल्यात. राग गेला की लावीन.

मावशी


५ मार्च

मावशी,

राग गेला नसेल तरी वाच. ते वळण मी का घातलं, ते तुला सांगायचं राहूनच गेलं.

त्या वळणावर ना घर आहे, ना दुकान, ना फाटा फुटतो. मग तिथे बसचा थांबा का? पहिल्यापासून नव्हताच तो. काकांनी सुरू केला. सुट्टीत मी तुमच्याकडे यायचे तेव्हा त्यांच्या मागच्याच सीटवर बसायचे, आठवतं? चढ संपला की ते वळणावर गाडी उभी करायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "इंजिन जरा दम खातंय." इंजिनाला काही झालेलं नसायचं. पण तेवढ्यात सगळे खिडकीबाहेर बघायचे. खालपासून जागेवरून भांडत आलेली माणसंसुद्धा गप्प व्हायची. मग ते "चला" म्हणायचे आणि गिअर टाकायचे. पुढे लोक तिथे उतरायला लागले, कोणीतरी बाक ठेवला, आणि शेवटी डेपोने पाटी लावली.

साहेब म्हणाले, ही जागा लोकांना महत्त्वाची वाटते ह्याला पुरावा काय? मी म्हटलं, जिथे कोणी राहत नाही तिथे बस थांबते, आणखी काय पाहिजे? ते हसले आणि वळण आराखड्यात गेलं.

तुझ्या अर्जावर अजून एकही हरकत नाही, असं शेजारच्या टेबलावरून कळलं. तू म्हणालीस तेच खरं, कोणाची बिशाद नाही. मी स्वतः घेऊ शकत नाही. पण तुला परवानगी मिळाली की पुढच्याला नाही कसं म्हणणार? गोदामवाला एवढ्या हौसेने बांबू का देत होता, विचार कर. त्याने मजला चढवला की तुझ्या मोठ्या खिडकीतून तुला काय दिसेल? त्याच गोदामाची पाठ, फक्त आणखी उंच.

काका संध्याकाळी बाकावर जाऊन बसतात ना? बांबू बघून ते काय म्हणाले? तू पत्रात त्यांच्याबद्दल दोन ओळींच्या पुढे जात नाहीस.

भिंगरी


१३ मार्च

भिंगरी,

बाकावर बसतात ना, असं तू विचारलंस, आणि मला मशीन बंद करून बसावं लागलं.

ते वर जात नाहीत. थंडी सुरू झाल्यापासून एकदाही गेले नाहीत. घरापासून वरच्या रस्त्यापर्यंतच्या त्या पायऱ्या तुला ठाऊक आहेत, तू धावत चढायचीस. त्यांचे गुडघे आता त्या चढू देत नाहीत. एकदा अर्ध्यावर बसून राहिले होते, दूधवाल्याने हात धरून खाली आणलं. त्यानंतर सगळ्यांना सांगायला लागले, रोज रोज काय तेच पाणी बघायचं, कंटाळा आला. आळीने विश्वास ठेवला. मीही ठेवल्यासारखं दाखवलं.

पण रोज संध्याकाळी, बस वर जायच्या वेळेला, ते खुर्ची फिरवतात आणि मागच्या कठड्याकडे तोंड करून बसतात. गाडी वळणावर थांबते तो आवाज तिथून येतो म्हणे. मला कुठला ऐकू यायला? मला फक्त भिंतीकडे बघत बसलेला माणूस दिसतो. गाडी गेली की खुर्ची परत फिरवून पेपर उघडतात.

म्हणून खोली. मशीन वगैरे नुसती थाप. जिना रुंद आणि बुटक्या पायऱ्यांचा करायला सांगितलाय, कठड्याला धरून एकदा वर चढले की झालं, मग तिथेच राहतील. गोदामाच्या छपरावरून पाणी दिसतं, गवंड्याने शिडी लावून बघितलंय. त्यांना सांगितलं तर नको म्हणतील, माझ्यासाठी कशाला खर्च, म्हणतील. म्हणून सांगितलं नाही. तूही सांगू नकोस.

मला त्यांचं पाणी त्यांना परत द्यायचंय, भिंगरी. दुसरं मला काही नको. गोदामवाल्याचं गोदामवाला आला की बघू. त्याचं बांधून होईपर्यंत आम्ही दोघं किती उरणार आहोत?

मावशी


१७ मार्च

मावशी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पर्यटकांचं मी बोलले त्याची लाज वाटतेय.

आता माझं कसं झालंय सांगू? परवानगी मिळावी असंही वाटतं, आणि मिळू नये असंही. वळण नकाशावर मी ज्या माणसासाठी आखलं, त्याच माणसासाठी तू खोली बांधतेयस. फाइल माझ्याकडे नाही हे आज पहिल्यांदाच बरं वाटलं. ह्यातलं मी कोणाला काही सांगणार नाही, साहेबांनाही नाही आणि काकांनाही नाही.

हरकतींची मुदत ह्या महिन्याच्या अखेरीला संपते. तोवर गप्प बसते.

भिंगरी


२५ मार्च

चि. भिंगरीस,

मी पत्र लिहिणारा माणूस नाही. गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता पोचली, एवढंच लिहायची सवय. तेव्हा थोडक्यात.

तुझ्या मावशीच्या अर्जाला मी हरकत घेतलीय. ती आज टपालाने तुमच्या ऑफिसात पाठवली. हे पत्र वेगळं, तुझ्या घरच्या पत्त्यावर.

खोली माझ्यासाठी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. शिवणारी बाई उजेड डाव्या अंगाने घेते. ही गवंड्याला सांगत होती, खिडकी समोर ठेव आणि चौकट खाली घे, खुर्चीत बसलेल्या माणसाला बाहेरचं दिसलं पाहिजे. स्वतःला ऐकू येत नाही म्हणजे दुसऱ्यालाही येत नाही, अशी तिची समजूत आहे. ती कुजबुजली की आळीला कळतं. मी काही बोललो नाही. खरं सांगायचं तर मलाही खोली हवी होती.

पण बांबू बघितल्याशिवाय राहवेना. पायऱ्या तर होत नाहीत. खाली चौकात गाडी लागते, तिथपर्यंत सपाट रस्ता आहे. आता गाडी चालवते ती मुलगी माझ्याच हाताखाली शिकली. कित्येकदा म्हणाली, काका, बसा, वर नेऊन आणते. मी नाही म्हणायचो. उभी हयात पुढच्या सीटवर बसलो, आता तिकीट काढून मागे बसायचं? गुडघ्यांपेक्षा ते अवघड होतं. काल बसलो. तिने हात दिला, मी दोन पायऱ्या चढलो, खिडकीशी बसलो. कोणी हसलं नाही.

वळणावर गाडी थांबली. वर डोंगराचे शेंडे, खाली छपरं, आणि मधोमध लाल कापड. पाणी कुठेच नाही. शेजारच्या बाई म्हणाल्या, "काय हो ते?" मी म्हटलं, "माझी खोली."

मग घरी येऊन हरकत लिहिली. छापील फॉर्मवर अर्जदाराशी नातं काय, असं विचारलं होतं. लिहिलं, नवरा. काय नुकसान होईल, असंही विचारलं होतं. लिहिलं, जे गाडीभर लोकांना दाखवत आलो, ते त्यांच्यापुढे भिंत घालून एकट्याने घरात बसून बघणं माझ्याच्याने होणार नाही.

मावशीला अजून सांगितलेलं नाही. घाटात ब्रेक गेला होता तेव्हाही इतका घाबरलो नव्हतो. मी सांगायच्या आधी तिला कळलं तर दोन दिवस तुझ्याकडे येऊन राहीन म्हणतो.

काका


१८ एप्रिल

भिंगरी,

तुझ्या काकांना आसरा द्यायची गरज पडली नाही, पण थोडक्यात हुकली.

सुनावणीची नोटीस आली. हरकत घेणाऱ्याचं नाव वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. नाव काही बदललं नाही. मी अबोला धरला. आमच्या घरी तो फार टिकत नाही, कारण मी बोलले नाही तर बोलणारं दुसरं कोण आहे? तरी दोन दिवस ताट नुसतं समोर आदळत होते. शेवटी ह्यांनी पेपरच्या कडेला लिहून कागद पुढे सरकवला. "उद्या संध्याकाळी माझ्याबरोबर गाडीत बस. एकदा बघ. मग तू म्हणशील तसं."

गेले. तुला खोटं वाटेल, पण त्या वळणावर बघायला म्हणून मी कधी थांबलेच नव्हते. सामान घेऊन यायचे ती खालच्या रस्त्याने, नाहीतर पायऱ्यांनी धापा टाकत, लक्ष सगळं पिशवीकडे. ह्यांच्या बसमधून वर कशाला जाईन? संध्याकाळी मशीन चालू, गॅस चालू. लोक म्हणायचे, तुमचे ड्रायव्हर गाडी थांबवतात. मी म्हणायचे, त्यांना कामं काय आहेत दुसरी?

तर बाकावर बसलो. आधी माझं लाल अस्तरच दिसलं. मग वारा पडला, कापड जरा ढिलं झालं, आणि त्याच्या खालून पाणी दिसलं. पूर्ण नाही, हातभर. त्यावर ऊन होतं. मला रडूच आलं. हा माणूस इतकी वर्षं रोज हे बघून घरी यायचा, आणि मी दारातच विचारायचे, दूध आणलंत का.

ते माझ्याकडे बघत होते, पाण्याकडे नाही. मी म्हटलं, चांगल्या कापडाला ठिगळ लावणारी शिंपीण मी नव्हे. त्यांनी मान हलवली. बहुतेक मी फार मोठ्याने बोलले, कारण पलीकडे उभी असलेली माणसंही मान हलवत होती.

दुसऱ्या दिवशी बांबू मीच उपटले. अर्ज मागे घेतला, ते तुला शेजारच्या टेबलावरून कळलंच असेल. गोदामवाल्याचं तोंड एवढंसं झालं. त्याच्या मागच्या अंगणात त्याचे स्वतःचे बांबू आणून ठेवलेले होते, रंगवूनसुद्धा. तुझी पाल तिथे चुकचुकायला हवी होती.

आता रोज संध्याकाळी आम्ही चौकातून गाडीत बसतो, वळणावर उतरतो आणि परतीच्या गाडीने खाली येतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो आमच्या बाबतीत अगदी खराखुरा झाला. घराच्या डोक्यावरून रोज बस जायची, आणि आम्ही छपरावर मजले चढवत होतो. मी हातशिलाई बरोबर घेऊन जाते. उजेड वर काय सुरेख असतो, खोलीत तो आला नसता. तू मात्र एक कर. आराखड्यात एवढ्या जागा लिहिल्यास, तर प्रत्येकीपुढे हेही लिही की गुडघे दुखणाऱ्या माणसाने तिथे पोचायचं कसं. हे तुझ्या साहेबांना माझ्या नावाने सांग. नातं लपवू नकोस.

कुर्ता पूर्ण झाला. काल तो टपालात टाकायला आम्ही शेवटच्या थांब्यापर्यंत निघालो होतो. गाडीला उशीर झालेला, वळणावर उतरणारं कोणी नव्हतं, चढणारं कोणी नव्हतं. ती मुलगी सरळ पुढे काढणार असं दिसत होतं. हे तिच्या मागच्याच सीटवर होते, तू बसायचीस त्या. ते पुढे वाकले आणि तिला काहीतरी म्हणाले. गाडी थांबली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. पण गाडीतली सगळी डोकी खिडकीकडे वळली, तेव्हा ते काय म्हणाले ते मला कळलं.

कुर्ता घट्ट झाला तर परत पाठव. कडेला कापड ठेवलंय.

मावशी